वर्गाबाहेरचे भीमराव



दर वर्षी एप्रिलमध्ये आपल्या जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजमागे बॅनर लागतो. बाबासाहेबांचा सुटाबुटातला फोटो आणि खाली पदव्यांची ओळ : बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. आपली मुले ती ओळ एका दमात म्हणून दाखवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. त्यात गैर काही नाही. ज्या समाजाला अक्षराला हात लावायची बंदी होती, त्याने या पदव्या मोठ्याने म्हणाव्यातच.

पण या उन्हाळ्यात माझी फजिती झाली. मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार आहे. विद्यार्थ्यांसाठी कोणकोणते क्लब आहेत याची यादी ती मला दाखवत होती. मी आपला नेहमीचा सूर लावला : पहिले वर्ष फक्त अभ्यास, बाकीचे उद्योग नंतर, बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत बसायचे, ते काय क्लबमध्ये जात होते? तिने शांतपणे विचारले की ते खरेच कधी गेले नव्हते का. मी नाही म्हणून मोकळा झालो. रात्री धनंजय कीरांचे चरित्र काढले, खैरमोड्यांचे पहिले खंड चाळले, आणि सकाळी मुलीसमोर कान पकडले. बाबासाहेब क्लबमध्ये जात होतेच, उलट काही काळ राहायलाच क्लबमध्ये होते.

तेव्हा हा लेख म्हणजे तिला दिलेले थोडे लांबलेले उत्तर आहे. तुमच्या घरीही कुणी कॉलेजच्या उंबरठ्यावर असेल तर त्याच्या हाती द्या. पदव्या तुम्हाला पाठ आहेत. त्या पदव्यांच्या मधल्या वेळात, वर्गाच्या बाहेर, भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी काय करत होता ते पाहू.

सुरुवात साताऱ्यापासून करावी लागते, कारण या मुलाच्या बाबतीत वर्ग आणि वर्गाबाहेर हा भेद आपल्यासारखा सरळ नव्हता. जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीत. वडील सुभेदार रामजी सकपाळ. साताऱ्याच्या शाळेत भीमाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे आणि ते रोज परत आणावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे बाटतील म्हणून मुले ते उचलायला धावली. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण फारसी घ्यावी लागली. म्हणजे पटावर नाव होते, फी भरलेली होती, आणि तरी हा विद्यार्थी वर्गात असूनही वर्गाबाहेर होता. बाहेरच्या जगाने त्याला काय दिले हे समजून घेताना एवढे लक्षात ठेवा.

पहिली खरी शाळा भरली ती चर्नी रोडच्या बागेत. परळच्या चाळीत घर म्हणजे एक खोली. त्यात सगळे कुटुंब, सरपण, जाते, शेळीसुद्धा. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहून मुलाला अभ्यासाला उठवत, मग स्वतः आडवे होत. अशा घरात संध्याकाळी वाचायला जागा कुठली? शाळा सुटली की भीमराव बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधले शिक्षकही संध्याकाळी वाचायला येत. त्यांचे या मुलाकडे लक्ष गेले. चौकशी केली, जात कळली, आणि तरी ते दुसऱ्या दिवशीही बोलले. मग ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले. हा मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता, त्यांच्या वर्गातला नव्हता, त्याच्या निकालाचे श्रेय त्यांना मिळणार नव्हते.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही त्या काळी एवढी मोठी गोष्ट होती की चाळीतल्या लोकांनी सभा भरवली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र भीमरावाला भेट दिले. ते वाचून त्याने वडिलांना जाब विचारला की आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग हे का दिले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस, बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवला आहे. म्हणजे पाहा, १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेचे पहिले पाऊल कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हते. ते बागेतल्या एका ओळखीतून पडले.

केळुसकर तेवढ्यावर थांबले नाहीत. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत शिकल्यावर रामजींचे हात टेकले, तेव्हा तेच भीमरावाला महाराज सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजातही हॉटेलवाला चहा-पाणी देत नव्हता. पण म्युलर नावाचे प्राध्यापक आपली पुस्तके देत, कपडेही देत. १९१२ ची बी.ए. ची परीक्षा अशी पार पडली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. मुलाच्या पुस्तकांसाठी मुलींचे दागिने मागून आणून गहाण टाकणारा तो बाप. परदेशी निघालेला मुलगा त्याला पाहायला मिळाला नाही.

बडोदे संस्थानाशी करार झाला : तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला उतरले.

आता आपल्या मुलांनी कान देऊन ऐकावे असा भाग येतो. पहिला मुक्काम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात. तिथले जेवण मानवेना म्हणून काही दिवसांतच ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये. हा वेगवेगळ्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा क्लब होता. काही भारतीय मुलेही तिथे राहत. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर एका खोलीत. चरित्रकार सांगतात की सुरुवातीचे काही महिने मित्रांबरोबर हिंडण्या-फिरण्यात आणि खेळण्यात गेले. मग एका रात्री आपण इथे कशासाठी आलो याचा विचार मनात आला आणि गाडी रुळावर आली. व्याख्यानांत हा भाग आपण बहुधा गाळतो, जणू त्याने बाबासाहेबांना कमीपणा येईल. मला तर तो वाचून बरे वाटले. ज्या माणसाने बावीस वर्षे कुणाच्या पंगतीला बसण्याची परवानगी मिळवली नव्हती, त्याला एका टेबलावर बसून मित्रांबरोबर जेवता आले, त्यांच्याबरोबर खेळता आले, तर त्याने ते चार महिने वाया घालवले असे मी तरी म्हणणार नाही.

इथे क्षणभर थांबून स्वतःचे सांगतो. मी एम.एस. करायला या देशात आलो तेव्हा आम्ही चौघे मराठी मुले एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. पहिल्याच आठवड्यात आडनावावरून गाव, गावावरून गल्ली अशी चौकशी झाली आणि फ्रिजमधला माझा कप्पा हळूच वेगळा झाला. कुणी काही बोलले नाही. मी त्यानंतर दोन वर्षे लॅब आणि खोली यांच्या पलीकडे गेलो नाही. कुठल्या क्लबची पायरी चढलो नाही, दुसऱ्या देशाच्या मुलांशी दोस्ती केली नाही. अभ्यास हे कारण मी जगाला सांगत होतो. मुलीला जे सांगत होतो ते तेच होते. खरे कारण अभ्यास नव्हते, हे मला कीरांचे पुस्तक हातात घेऊन बसलो त्या रात्री कळले.

भीमरावांनी अभ्यास सोडला नाही, हे सांगायची गरज नाही. तीन वर्षांतले अभ्यासक्रम मोजले तर अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन प्रत्येकी एक. आपल्या भाषेत सांगायचे तर डिग्रीला जेवढे क्रेडिट लागतात त्याच्या कितीतरी पलीकडे. माझ्यासारखा माणूस कोर्स निवडताना तो नोकरीला उपयोगी आहे का एवढेच पाहतो. अर्थशास्त्रात डिग्री घ्यायला आलेला हा विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला.

वर्ग सुटला की त्यांचे दुसरे विद्यापीठ सुरू होई. ते होते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. शिष्यवृत्तीतले काही पैसे घरी रमाबाईंना पाठवायचे, उरलेल्यात जगायचे. जेवण म्हणजे कॉफी, दोन मफिन आणि एखादी मांसाची किंवा माशाची बशी. त्यातून वाचवून सुमारे २,००० जुनी पुस्तके त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जमवली. पुढे ती भारतात पोचवायला एका परिचिताच्या हवाली केली, पण सगळी काही हाती आली नाहीत. विद्यापीठाचे ग्रंथालय तेव्हा मोठ्या घुमटाच्या लो लायब्ररीत होते. तुम्ही कोलंबियाला गेला असाल तर त्या पायऱ्यांवर बसून फोटो काढला असेलच. ग्रंथालयातली त्यांची चिकाटी पाहून लाला लजपतराय त्यांच्याशी बोलले. लालाजी त्या वर्षांत अमेरिकेत राहून स्वराज्याचे काम करत होते आणि भारतीय विद्यार्थ्यांना त्यात ओढत होते. भीमरावांनी नम्रपणे नकार दिला : महाराजांना दिलेला शब्द आणि हाती घेतलेला अभ्यास आधी. म्हणजे वर्गाबाहेरच्या प्रत्येक हाकेला ते ओ देत नव्हते. कुठे जायचे आणि कुठे नाही, हे ठरवणे हासुद्धा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता.

डोळे मात्र उघडे होते. न्यूयॉर्कला पोचून काही आठवडे झाले नाहीत तोच वडिलांच्या एका स्नेह्याला त्यांनी पत्र धाडले, आणि त्यात मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती किती वेगाने होईल ते कळकळीने मांडले. त्या पत्राआधी त्यांनी इथे किती व्याख्याने ऐकली असतील? विद्यापीठे तर सप्टेंबरात सुरू होतात. कोलंबियाला लागूनच हार्लेम. दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे त्याच वर्षांत तिथे वस्ती करत होती. तीस वर्षांनी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण भारतातील अस्पृश्यांसाठी तसेच करावे असा विचार चालला होता. त्या पत्रात त्यांनी आपण या प्रश्नाचे विद्यार्थी राहिलो आहोत असे कळवले. डुबॉइस यांचे उत्तरही आले.

९ मे १९१६ रोजी डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५. त्यांच्या पदवीचा विषय होता भारताचे अर्थकारण, एम.ए. चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर, पीएच.डी. चा भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर आणि पुढे प्रांतिक अर्थव्यवस्थेवर. जातीवरचा हा निबंध त्या वाटेवर नव्हता. पण आज जगात त्यांचे कुठले विद्यार्थीदशेतले लिखाण सर्वांत जास्त वाचले जाते ते तुम्हीच सांगा. जात कशाने टिकते? स्वजातीतच लग्न करण्याच्या सक्तीने, असे त्यांनी मांडले. जातीची भिंत टिकवायची तर नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली त्या प्रश्नाची क्रूर उत्तरे आहेत. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले आणि बाकीच्यांनी त्याचे अनुकरण केले, असा त्यांचा सिद्धांत. हे उत्तर त्यांना पुस्तकांतून मिळाले असेल, पण प्रश्न साताऱ्याच्या गोणपाटावर बसून मिळाला होता. इथे, दूर देशी, जिथे कुणी जात विचारत नव्हते, तिथे त्या गोणपाटाकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहायची उसंत मिळाली. १९१७ मध्ये तो निबंध इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापला गेला.

१९१६ मध्ये भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतावे लागले. महायुद्ध चालू होते. ते वेगळ्या बोटीने सुखरूप आले. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीवर होती ती टॉर्पेडोने बुडाली.

आणि मग बडोदे. करारानुसार नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा उतरायचे कुठे हा पहिला प्रश्न. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी नंतर लिहिले आहे. ती बडोदे स्टेशनवर परत जागी झाली. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले, रोज दीड रुपया भाडे. अंधाऱ्या, सुनसान वरच्या मजल्यावर कंदिलाच्या उजेडात पुस्तक हेच सोबती. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी निरनिराळ्या शब्दांत नाहीच म्हटले. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत कोलंबियाचे हे एम.ए. कमाठीबागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

लाठ्या घेऊन आले ते पारशी होते, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवले. कारण लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ज्याच्या शेजारी ते तीन वर्षांपूर्वी झोपत होते तो नवल भथेनाही पारशीच. आणि ही मैत्री न्यूयॉर्कच्या धक्क्यावर संपली नाही. १९२० मध्ये लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला निघताना भीमरावांकडे होते ते सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकीच्या पगारातून, परळच्या दोन खोल्यांत काटकसरीने राहून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेनाने कर्जाऊ दिलेले ५,००० रुपये. वर्गाबाहेरच्या कमाईला आकडा लावता येत नाही असे म्हणतात. इथे लागला आहे. एका वसतिगृहातल्या खोलीतल्या मैत्रीने डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी यांना हातभार लावला.

मधल्या तीन वर्षांबद्दल थोडक्यात. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजाराचा सल्ला देणारी कचेरी उघडली. गिऱ्हाइकांना मालकाची जात कळली आणि ती बंद पडली. सिडनहॅममध्ये शिकवणे एवढे रंगले की बाहेरच्या कॉलेजांतली मुले वर्गात येऊन बसत. तिथल्याच काही प्राध्यापकांना मात्र त्यांनी त्याच माठातले पाणी घेतलेले चालत नव्हते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष, ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक, मार्चमध्ये माणगावची परिषद. हे सगळे एका अशा माणसाने केले ज्याची विद्यार्थिदशा अजून संपली नव्हती. बाबासाहेबांनी सार्वजनिक काम शिक्षण संपवून सुरू केले, असे आपण समजतो. तारखा तसे सांगत नाहीत.

दुसऱ्या लंडन मुक्कामाची कथा तुम्ही ऐकलेली आहे, म्हणून सगळी सांगत नाही. घरमालकीण कठोर आणि कंजूष. सकाळी पावाचा तुकडा, थोडा जॅम, कपभर बोव्हरिल. मग ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडण्याच्या वेळी दारात हजर, बंद होईपर्यंत आत, दुपारच्या जेवणाला सुट्टी. गाडीभाडे परवडत नाही म्हणून पायी. रात्री भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेले पापड तव्यावर भाजायचे आणि कपभर पातळ दुधाबरोबर खायचे. मला या कथेतला पापड नेहमी जास्त खरा वाटतो, बाकी सगळे पुतळ्यासारखे होते. परदेशात राहणाऱ्या आपणा सगळ्यांच्या कपाटात पापडाचे पाकीट असतेच ना.

पण याच पोटाला ग्रेज इनमध्ये दुसऱ्या प्रकारचे जेवण होते. त्या काळी बॅरिस्टर व्हायचे तर नुसती परीक्षा पुरत नसे. प्रत्येक सत्रात इनच्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येने जेवणे घ्यावी लागत, लांब टेबलांवर, इतर विद्यार्थ्यांच्या आणि वकिलांच्या पंगतीला बसून. वकिली हा व्यवसाय माणसांत बसून शिकायचा असतो अशी त्या संस्थांची समजूत. विचार करा, ज्या देशात सहभोजनाने धर्म बुडत होता तिथल्या मुलाला या देशात सनद मिळवण्यासाठी सहभोजन ही अट होती. आणि त्या अटीवर तो पास झाला.

अभ्यासाबाहेर त्यांनी आणखी काय केले? विद्यार्थी संघात भारतातल्या जबाबदार राज्यपद्धतीवर निबंध वाचला, ज्याने तिथे बरीच खळबळ झाली. हॅरॉल्ड लास्कींनाही तो क्रांतिकारक वाटला. भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटून अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडली. कोलंबियाचे गुरू सेलिग्मन यांनी त्यांच्यासाठी लंडनच्या प्रा. फॉक्सवेलना पत्र लिहिले, आणि पुढे १९२५ मध्ये शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावनाही दिली. शिक्षकाशी नाते ग्रेड लागल्यावर संपवायचे नसते, हे आपल्या मुलांना इथे मुद्दाम सांगावे लागते. ईमेल करायलासुद्धा ती बिचकतात, आणि आपणही बिचकत होतो. कोलंबियातला तो एकुलता प्राथमिक जर्मनचा कोर्स आठवतो? त्याच्यावर स्वतः मेहनत घेऊन १९२१ मध्ये बॉन विद्यापीठाला प्रवेशाचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मनमध्ये लिहिला.

१९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी. चा प्रबंध परीक्षकांनी बदल करायला परत पाठवला. पैसे संपले होते, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला येऊन तो पुन्हा लिहिला आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून दिल्यावर १९२७ मध्ये रीतसर हाती आली. ते साल लक्षात आले? महाडच्या चवदार तळ्याचे साल. मार्चमध्ये तळ्याचे पाणी, जूनमध्ये पीएच.डी.

पुढचे आयुष्य तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे : गोलमेज परिषद, मजूरमंत्री, घटनेचा मसुदा, हिंदू कोड बिल, राजीनामा, धम्मदीक्षा, ६ डिसेंबर १९५६. त्यातला एकच धागा इथे ओढतो. दादरला घर बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून, आणि नाव दिले राजगृह. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. त्या कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा कचेरीत कारकुनी करणाऱ्या गरीब मुलाला नोकरी सांभाळून शिकता यावे. आणि तिथे विद्यार्थ्यांची संसद होती. सभापती, मंत्री, विरोधी पक्ष, विधेयके, प्रश्नोत्तरे, सगळे मुलांचे. देशाचे कायदेमंत्री बाबासाहेब त्या मुलांपुढे येऊन संसदीय रीतीवर बोलले. ज्याच्या गावी चर्नी रोडची बाग आणि लिव्हिंग्स्टन हॉल दोन्ही होते, त्याने काढलेले कॉलेज असेच असणार.

जून १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना सन्मानाची एलएल.डी. दिली. एकसष्टाव्या वर्षी, थकलेल्या प्रकृतीने, ते ती घ्यायला स्वतः न्यूयॉर्कला आले.

मुलीला हे सगळे सांगून झाल्यावर आम्ही एका रविवारी ११६ व्या रस्त्याच्या सबवे स्टेशनवर उतरलो. लेहमन लायब्ररीतला बाबासाहेबांचा अर्धपुतळा आपण सगळेच पाहतो, हार घालतो, फोटो काढतो. या वेळी तिने हट्टाने वसतिगृहे शोधली. हार्टले हॉल त्याच नावाने उभा आहे. लिव्हिंग्स्टन हॉलचे नाव आता वॉलक हॉल आहे. दोन्ही इमारती अगदी शेजारी-शेजारी, आणि दोन्हींत आजही विद्यार्थीच राहतात. आत जायला ओळखपत्र लागते, म्हणून आम्ही बाहेरच उभे राहिलो. एक मुलगा हातात कपड्यांची टोपली घेऊन दार पायाने अडवून दुसऱ्याशी गप्पा मारत होता. घरी येताना गाडीत तिने ती क्लबची यादी पुन्हा काढली आणि तीन नावांवर खूण केली. मी फक्त ती कुठली आहेत एवढे विचारले.

जय भीम. नमो बुद्धाय.